डिसेंबरात पिल्लं आणताय? मग आधी हे उरकून घ्या

नागपुरात हिवाळ्याच्या दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो आणि त्याच दिवशी पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो. हा चढउतार कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाला झेपत नाही. म्हणून इथे ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा, असा मांडायचा की ऊब दिवसातून दोनदा तरी कमी-जास्त करता येईल. खालचा हिशेब वनराजा, गिरिराजासारख्या जातींच्या १०० पिल्लांचा धरलाय.

शेडची कामं आठवडाभर आधी संपवा. जुनं तूस खरडून बाहेर, मग धुणं, भिंतींना चुना, उंदीर-मुंगसाची बिळं बुजवणं, फाटलेली जाळी शिवणं. दाराशी पाय बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं ठेवा आणि शेडची चप्पल वेगळी करा. पाहुण्यांना राग आला तर येऊ द्या. इथल्याच गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात बर्ड फ्लूने वाघ दगावले ते २०२४च्या डिसेंबरात, म्हणजे हा रोग आपल्यापासून लांब आहे असं समजण्यात अर्थ नाही.

तूस धानाचंच घ्या. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलचा माल इथे सहज मिळतो. मुठीत दाबून बघा: गोळा झाला तर ओलं आहे, परत करा, नाहीतर बुरशी धरते. वाळलेलं तूस दोन-तीन इंच पसरा. त्यावर पहिले दोन-तीन दिवस खरखरीत कागद अंथरा, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, त्यापेक्षा खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा उलगडून टाकलेला बरा.

भोवती दीड फूट उंचीचा चिक गार्ड गोल लावा, पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा. सहा फूट व्यासाचं रिंगण सुरुवातीला पुरतं, चौथ्या दिवसापासून सैल करत न्या. कोपरा कुठेच राहू देऊ नका. थंडीत पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

आता बल्ब. एलईडी उजेड देतो, पण त्याच्यावर ऊब मिळत नाही, हे दुकानात उभं राहून आठवा. थंडीत पिल्लामागे दोन वॅट धरायचे, म्हणजे १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब, आणि दोन्हींच्या वायरी वेगळ्या, एक गेला तर दुसरा चालू राहावा म्हणून. ते साखळीने टांगा, दीडेक फुटावर. संध्याकाळी खाली, दुपारी वर. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच पेटवा, तूस आतपर्यंत तापायला वेळ लागतो. आणि गावाकडची लाईट पहाटे जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर किंवा कोळशाची शेगडी तयार ठेवा. शेगडी बाहेर पेटवायची, धूर गेल्यावर निखारे झाले की आत आणायची, भोवती जाळी लावायची. ती जळत असेल तोवर पडदे पूर्ण बंद करायचे नाहीत. पडदा एरवीही खालून वर ओढायचा असावा आणि वरची पट्टी उघडी राहावी. आत शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लांचं काय होत असेल!

पिल्लं शक्यतो सकाळी उतरवून घ्या, म्हणजे रात्रीआधी ती रुळतात. खोकी उघडताच मोजा. आधी पाणी, नंतर खाद्य. पहिलं पाणी कोमट, लिटरला ८० ग्रॅम गूळ, तेही काही तासांपुरतं, मग साधं स्वच्छ पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात टेकवा. वेळखाऊ आहे, तरी टाळू नका. तासा-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर शिंपडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पहिल्या आठवड्याला दहा किलो खाद्य भरपूर होतं. रात्री दहा-पंधरा पिल्लांची पोटळी, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, चाचपा: भरलेली आणि मऊ असेल तर ठीक. कडक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर ते पिल्लू भांड्यापर्यंत पोचलेलंच नाही.

थर्मामीटर असू द्या, पण खरं उत्तर पिल्लंच देतात. बल्बखाली ढीग केला आणि चिवचिवाट वाढला तर थंडी. गार्डला चिकटून चोच उघडी टाकली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय, पडदा बघा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान एक फेरी माराच. मागची विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढू नका.

लसोटा, म्हणजे राणीखेत (मानमोडी) रोगाची लस, पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच टोचली का ते पिल्लं बुक करतानाच विचारून घ्या. मर झाली तर पिल्लू उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्डा आणि चुना. दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त जाऊ लागली तर ताजं मेलेलं पिल्लू घेऊन सरळ सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जा. मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक त्याआधी पाण्यात टाकू नका.