चार कॅमेरे लाईव्ह करायचेत? मग प्रोसेसर राहू द्या, आधी मदरबोर्ड बघा

गणपती जवळ आले की ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ सगळीकडे एकच विचारणा सुरू होते, मंडळाला यंदा तीन-चार कॅमेऱ्यांनी लाईव्ह करायचंय, पीसी कुठला घेऊ? आणि विचारणारा आय५ का आय७ यावरच अडकलेला असतो. माझ्या मते प्रोसेसर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो. कॅमेरे अडतात ते पीसीच्या दारातच.

आधी हिशोब बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातल्या लाईटी फ्लिकर होऊ नयेत म्हणून सगळे कॅमेरे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवरच ठेवायचे, शटर १/५०, आणि सगळ्यांना एकच सेटिंग, एक २५ ला नि दुसरा ३० ला असं नको. आता १०८०पी, ५० फ्रेमचं कच्चं चित्र कॅप्चर कार्डातून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र पीसीत घेणाऱ्या डबीतून, आत येतं तेव्हा सेकंदाला साधारण २०० एमबी डेटा येतो. २५ फ्रेमला त्याच्या निम्मा. यूएसबी ३.० चं ५ जीबीपीएस (गिगाबिट, गिगाबाईट नव्हे) हे खोक्यावर छापायला, प्रत्यक्षात हातात ४०० एमबीच्या आसपास पडतं. म्हणजे एका वायरवर ५० फ्रेमचे दोन कॅमेरे लावले की काठोकाठ, तिसरा लावला की चित्र अडखळणार नाहीतर काळं होणार.

यावर लोक म्हणतात, माझ्या पीसीला सहा पोर्ट आहेत की! असतील, पण त्यातले बरेचदा दोन-तीन आतून एकाच हबला टांगलेले असतात, आणि बाहेरून लावलेला यूएसबी हब म्हणजे तर एकाच वायरीवर सगळ्यांची वाटणी. विंडोजमध्ये डिव्हाईस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये जाऊन बाय कनेक्शन करा, मग कुठलं कार्ड कोणाच्या खाली लटकतंय ते झाडासारखं दिसतं. दोन कॅप्चर कार्डं एकाच फांदीवर दिसली तर एक काढून दुसऱ्या पोर्टात लावा, पाच मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही. आणि ते स्वस्तातले डोंगल, ज्यावर फोरके लिहिलेलं असतं, ते आतून यूएसबी २.० निघतात, चित्र दाबून पाठवतात, एखाद्या कॅमेऱ्याला चालून जातं पण चार सारखेच डोंगल लावले की ओबीएसमध्ये (लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर) कुठला कुठला कॅमेरा हे ओळखता ओळखता आरती संपते.

तीनच्या वर कॅमेरे कायमचे असतील तर सरळ पीसीआयई कार्ड घ्या, म्हणजे पीसी उघडून मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसवायचं, ब्लॅकमॅजिकच्या डेकलिंकसारखं, एकाच कार्डात चार इनपुट. पण इथेच बोर्ड आडवा येतो. चार इनपुटचं कार्ड ४ किंवा ८ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, मागतं. साध्या बोर्डावर दोन लांब स्लॉट दिसतात, वरच्यात ग्राफिक्स कार्ड बसतं आणि खालचा दिसायला तेवढाच लांब असला तरी आत वाकून बघा, सोनेरी पिना बरेचदा फक्त पुढच्या थोड्या भागातच असतात. म्हणजे तो ४ लेनचा आहे, कधी कधी तर १ च. शिवाय काही बोर्डांवर दुसरी एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी एसएसडी) लावली की तोच स्लॉट बंद पडतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन दुकानदाराला विचारण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या, त्यात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं, दुकानात गर्दीच्या वेळी कोण सांगत बसणार.

आणि एवढी कटकट नकोच असेल, वर्षातून चार कार्यक्रमच करायचे असतील, तर एटेम मिनीसारखा स्विचर घ्या. चार एचडीएमआय त्यात जातात, कट त्यातच होतो, पीसीला एकच चित्र यूएसबीने मिळतं, त्यामुळे बरा लॅपटॉपही पुरतो. फक्त चारही कॅमेऱ्यांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग हवं असेल तर आयएसओ वालं मॉडेल लागतं. मंडळाला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो.

पीसीच घेणार असाल तर एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याजोगं करायचं काम, ग्राफिक्स कार्डवर टाका, एनव्हिडियाच्या कार्डात त्यासाठी एनव्हेंक हा वेगळा भाग असतो, त्याने प्रोसेसर मोकळा राहतो. मूळ जीटीएक्स १६५० मध्ये मात्र जुन्या पिढीचा एन्कोडर आहे, सेकंडहँड घेताना लक्ष ठेवा. इंटेलचा नावामागे एफ असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो पण त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नाही म्हणजे क्विकसिंक हा इंटेलचा एन्कोडरही नाही. रॅम १६ जीबी, दोन काड्यांत. प्रत्येक कॅमेरा ४० एमबीपीएसने (मेगाबिट) रेकॉर्ड केला तर तासाला १८ जीबी, चारांचे ७२, त्यावरून एसएसडी किती मोठी हवी ते ठरवा.

वायरीचं पण बघा. एचडीएमआय दहा मीटरच्या पुढे नेलीत की भरवसा नाही. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात मागच्या रांगेतून विंगेपर्यंत यायचं तर कन्व्हर्टर लावून एसडीआय (लांब पल्ल्याचा व्हिडिओ सिग्नल) करा, चांगल्या कोॲक्स, म्हणजे केबल टीव्हीसारख्या, वायरवर एचडी चित्र शंभर मीटरच्या आसपास जातं.

नेट म्हणजे डाऊनलोड नाही, अपलोड. १०८०पी ला ६ एमबीपीएस पाठवायचे असतील तर लॅन वायरच्या नेटवर अपलोड किमान दुप्पट हवा, आणि यूट्यूबसाठी ओबीएसच्या सेटिंगमध्ये कीफ्रेम (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंद. दहीहंडीला टेंभीनाक्यावर मोबाईलच्या नेटवर विसंबून राहू नका, गर्दी जमली की टॉवर बसतो, शेजारच्या दुकानातून लॅन वायर ओढून घ्या. यूपीएसवर पीसी, स्विचर आणि राऊटर तिन्ही हवेत, लोक राऊटर विसरतात.