हॅलोवीनचे बर्गर घरी करताय? या चुका टाळा

मागच्या ऑक्टोबरात आमच्या फ्लॅट स्कीममधल्या पोरांनी ठरवून टाकलं की ३१ तारखेला हॅलोवीन करायचं आणि बर्गर काकूंकडे खायचे. काकू म्हणजे मी. विचारायला आले तेव्हा सगळं ठरलेलंच होतं, मी फक्त मान डोलावली.

साडेसहाला टेबलावर बारा भुतं तयार होती. साडेसातला पोरं नटूनथटून आली तोवर एकाचे डोळे गालावर उतरले होते. दुसऱ्याच्या डोक्यावरचं कोळ्याचं जाळं पसरून नुसता पांढरा डाग राहिला होता. बाकीच्यांचे तळ इतके भिजलेले, की बर्गर उचलला की बन हातात आणि टिक्की ताटलीत. मिशा रंगवून मांजर झालेला एक जण बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, हे भूत रडून राहिलं का?"

तसं भुताखेताचं आपल्या नागपूरला वावडं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत काळी-पिवळी मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक काढणारे आपण, भयानक तोंडं करायला कोणाकडून शिकायची गरज नाही. फरक इतकाच की मारबत कागद-बांबूची असते आणि बर्गरमधून वाफ निघते. त्या संध्याकाळी माझं जे जे बिघडलं, त्यातलं निम्म्याहून जास्त ओल आणि वाफ यांनीच बिघडवलं.

बन: दोरा चुकला की भोपळा चुकला

आयर्लंडमधले लोक पूर्वी हॅलोवीनला सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला, तो मोठाही आणि कोरायला सोपाही. म्हणून आज सगळीकडे भोपळा दिसतो. बर्गरसाठी तो कोरायची गरज नाही, बनच भोपळ्यासारखा करता येतो. पिठाच्या गोळ्याला दोऱ्याचे चार वेढे असे द्यायचे की वर-खाली एकमेकांना छेदून आठ फाका पडतील. मग बन फुगला की फाकांमधून बाहेर येतो.

इथे मी दोन चुका केल्या. पहिली, घरात दुसरा दोरा सापडेना म्हणून देवघरातला लाल धागा घेतला. ओव्हनमध्ये त्याचा रंग सुटला आणि प्रत्येक बनावर आठ गुलाबी रेघा उमटल्या. दुसरी, दोरा घट्ट बांधला. गोळा दुप्पट होणार हे डोक्यातच आलं नाही. दोरा पिठात इतका रुतला की काढताना सालासकट निघाला. पांढरा सुती दोराच घ्या, तेलात बुडवून पिळा आणि इतका सैल बांधा की गोळ्याला नुसता टेकेल. बन भाजून निघाला की पाच मिनिटांनी, कोमट असतानाच, दोरा कापून काढा. पूर्ण गार झाला की चिकटतो. घरात संक्रांतीचा मांजा पडला असेल तर त्याला हातही लावू नका, त्यावर काच असते. देठासाठी वर हिरव्या मिरचीचं देठ खोचायचं, हुबेहूब दिसतं.

रंगासाठी पिठात लाल भोपळ्याचा गर घालायचा, आपण ज्याला कोहळं म्हणतो तो. बोंडं करणाऱ्या बायकांना ठाऊक आहे की कोहळं पाणी सोडतं आणि मग पीठ वाढवत बसावं लागतं. इथेही तेच. गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. २०० ग्रॅम गर घातला म्हणजे जवळजवळ १८० मिली पाणी आपोआप पिठात गेलं. तरी आपण कृतीतलं दूध सगळं ओततो आणि पीठ हाताला चिकटलं की मैदा टाकत सुटतो. मग बन दगड. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम साखर, एक चमचा मीठ, २०० ग्रॅम गर आणि दूध १२० मिली, तेही लागेल तसं. गर आधी कढईत परतून सुका केला असेल तर दूध थोडं वाढवा. एवढ्यात ८० ग्रॅमचे दहा-अकरा बन होतात. १९० अंशांवर १८ ते २० मिनिटं पुरतात. ऑक्टोबरच्या शेवटी आपल्याकडची हवा कोरडी होते, म्हणून फुगायला ठेवलेले गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा. नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि बन वेडावाकडा फाटतो.

काळा रंग

काळा बन जमला तर भारी दिसतो, पण त्यासाठी लोक औषधाच्या दुकानातल्या कोळशाच्या कॅप्सूल फोडून पिठात घालतात. हे करू नका. तो कोळसा पोटातली औषधंही शोषून घेतो. घरात आजी-आजोबांच्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या ताटात तो जायला नको. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांना असल्या काळ्या पदार्थांबद्दल रोखलंच होतं. कोको पावडर आणि खायचा काळा जेल रंग पुरे, वरून काळे तीळ. पातळ रंगाची बाटली नको. तिने पीठ सैल होतं आणि बन काळा न होता राखाडी होतो. कोको कोरडा असतो, तो घातला की दूध दोन चमचे वाढवायचं.

रंग घालायचाही किती, याला सुमार हवा. २०१५ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने हॅलोवीनसाठी काळ्या बनाचा बर्गर काढला होता. खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी शी हिरवी कशी झाली, याच्याच चर्चा जास्त रंगल्या. बीटाचंही असंच. पोरांना बीट भरपूर खाऊ घातलं तर त्यांच्या आयांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी लाल दिसलं तर दवाखान्यात पळू नका.

टिक्की फुटते तेव्हा

बटाटे गरम असताना किसले की चिकट लगदा होतो. मग आपण ब्रेडक्रम्स ओततो आणि टिक्की चोथा होते. बटाटे सकाळी सालासकट उकडून फ्रिजमध्ये गार करा आणि संध्याकाळी किसा. बांधायला पोह्यांची पूड उत्तम, ती ओल पटकन पिते. नागपुरात घरात पोहे नाहीत असं होत नाही. मीठ अगदी शेवटी, कारण ते भाज्यांचं पाणी बाहेर काढतं. किसलेलं बीट किंवा गाजर असेल तर घट्ट पिळूनच घ्या. थापलेल्या टिक्क्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग तळा. माझ्या फुटल्या त्या केवळ या अर्ध्या तासाच्या घाईने.

चिकन खिम्याच्या टिक्कीचं गणित वेगळं. ती आक्रसते आणि मधे फुगते, म्हणून बनापेक्षा बोटभर मोठी थापायची आणि मध्यभागी अंगठ्याने खळगा करायचा. आत ७४ अंश पोचलं की झाली. थर्मामीटर नसेल तर एक टिक्की मधोमध कापून बघा, गुलाबी दिसली तर परत तव्यावर.

रक्त: तर्रीचा मोह

"केचप कायले, आपली सावजी तर्री आहे ना!" ही कल्पना घरातल्या एका उत्साही माणसाची. त्याचं नाव मी घेणार नाही, तो रोज माझ्याच हातचा चहा पितो. दिसायला ती खरंच भयंकर सुंदर दिसली, लालभडक आणि चकाकणारी. पण तर्री म्हणजे वरचं तेल. ते पाच मिनिटांत बनात मुरलं आणि खालच्या बनाचा केशरी स्पंज झाला. वर लहान पोरं "तिखट तिखट" करत पाण्याच्या बाटल्या शोधत फिरली.

तर्रीच हवी असेल तर तेल वेगळं काढा. खालचा रस्सा गाळून त्यात दुप्पट केचप आणि पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून घट्ट होईस्तोवर शिजवा, पूर्ण गार करा आणि चकाकीसाठी शेवटी तर्रीचे दोन-चार थेंब. हे मोठ्यांसाठी. पोरांसाठी उकडलेल्या बीटाची पेस्ट, केचप आणि थोडा मध. दोन्ही रक्तं टिक्कीच्या वर घालायची, खालच्या बनावर कधीच नाही. खालचा बन आतून लोण्यावर खरपूस शेकून घ्या आणि टिक्कीखाली सॅलडचं पान ठेवा. टोमॅटोच्या चकत्या बिया काढून कागदावर टिपा. एवढं केलं की तळ अर्धा तास तरी तग धरतो.

चेहरा

चीज स्लाइस फ्रिजमधून काढल्या काढल्या कापायची. बाहेर ठेवली की सुरीला चिकटून डोळे ओघळतात. डोळ्यांना स्ट्रॉ दाबा, तोंडाचे दात टोकदार सुरीने काढा. टिक्की तव्यावर असताना चीज ठेवलंत तर चेहरा वितळून जाणार. टिक्की उतरवून दोन मिनिटं थांबा, मग ठेवा. तेवढ्या उष्णतेने कडा जेमतेम वाकतात आणि भूत डोकावल्यासारखं दिसतं.

जाळ्यासाठी मेयोनीज मेंदीच्या कोनासारख्या प्लास्टिकच्या कोनात भरा, टोक अगदी बारीक कापा आणि बन पूर्ण गार असेल तेव्हाच काढा. आधी तीन गोल, मग आतून बाहेर काडीने ओढायचं. डोळ्यांना पनीरची गोल चकती आणि त्यावर काळं मनुकं. मी बुबुळ म्हणून लवंग खोचली होती. एका मुलीने ती चावली आणि पुढचा अर्धा तास तिची जीभ बधिर. टूथपिकही आत लपवू नका, एकतर बाहेर ठळक दिसेल अशी लांब काडी लावा किंवा काहीच नको.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेळेची. मी सगळे बर्गर आधी रचून ठेवले. आता बन, टिक्क्या, कापलेलं चीज, कोन असं सगळं वेगवेगळं मांडते. पोरं हात धुऊन बसली की रचायला घेते, डोळे त्यांनाच लावू देते. बाहेर मांडलेलं मेयोनीज दोन तासांच्या वर ठेवत नाही.

मेयोनीजचं जाळं नसलेले बन उरले तर डब्यात घट्ट बंद करा. दुसऱ्या दिवशी आडवे कापून तव्यावर शेकायचे आणि बाजूला काढून ठेवलेल्या त्या तर्रीत बुडवायचे. आमच्या त्या उत्साही माणसाने चार खाल्ले.