बैठकीत गप्प राहू नका: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आइंडहोवन परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींकडून एक गोष्ट मला वारंवार ऐकायला मिळते: काम जमते, शेजारही चांगला आहे, पण दहा जणांच्या बैठकीत तोंड उघडण्याचा धीर होत नाही. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, विचारल्याखेरीज मत देऊ नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते आणि त्यात गैर काही नाही. मात्र येथे वरिष्ठालाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि ज्याला काही म्हणायचे आहे तो ते आपणहून म्हणेल, असे सर्वजण गृहीत धरतात. त्यामुळे तुमच्या मौनात त्यांना आदर दिसत नाही. संमती दिसते, किंवा अनास्था.

या देशाचा सुमारे चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. बांध फुटला तर सर्वांचीच शेते बुडणार, म्हणून जलव्यवस्थापनासाठी लोकांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत येथे तेराव्या शतकापासून चालत आली आहे, आणि त्यासाठीची निवडून दिलेली जलमंडळे आजही काम करतात. सर्वांशी बोलून मार्ग काढण्याच्या डच सवयीचे मूळ अनेक जण येथेच शोधतात. बैठका लांबतात त्या यामुळेच. त्यांना वेळेचा अपव्यय समजू नका.

मला हे उमगले ते आमच्या इमारतीच्या 'फे-फे-ए'च्या, म्हणजे घरमालकांच्या संघाच्या सभेत. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखीच ही सभा असते आणि येथे घर विकत घेतलेल्या प्रत्येक सदनिकाधारकाला तिचे सदस्यत्व आपोआप मिळते. विषय बाहेरच्या रंगकामाचा होता, आणि एकाच रंगाऱ्याचे दरपत्रक का मागवले, हा प्रश्न मी कागदावर लिहून नेला होता. अध्यक्षांनी टेबलाभोवती एकवार नजर फिरवून 'आकोर्ड?' असे विचारले, म्हणजे सर्वांना मान्य आहे ना. मी कागदाची घडी घातली आणि ठराव मंजूर झाला. जिना उतरताना शेजारच्या आजींना मी माझी शंका सांगितली, तेव्हा त्या थांबल्या आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाल्या, "मग आत का नाही बोललीस?" पुढच्या वर्षी जिन्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तेव्हा मी तोच प्रश्न सभेत विचारला. कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. आणखी दोन दरपत्रके मागवायची असे ठरले आणि तशी नोंद इतिवृत्तात झाली.

विषयपत्रिका आधी मिळते. ती आदल्या दिवशी वाचावी आणि बोलण्यासाठी एकच मुद्दा निवडावा. पहिल्या दहा मिनिटांत एखादा साधा प्रश्न विचारला की पुढचे बोलणे सोपे जाते, कारण जितके थांबावे तितकी भीड वाढत जाते. 'माख इक एवन इत्स झेखन?' म्हणजे 'मी जरा काही बोलू का?', एवढे डच वाक्य पाठ करावे. पुढचे इंग्रजीत बोललात तरी बहुधा कोणी हरकत घेत नाही, मात्र आधी तसे विचारून घ्यावे. मधल्या चर्चेत संधी हुकली तर शेवटी 'रॉन्डफ्राख' असते. त्यात अध्यक्ष एकेकाला काही विचारायचे आहे का असे विचारतात, आणि नवख्या माणसाला याहून सोयीची वेळ दुसरी नाही.

समोरून 'मला हे पटत नाही' असे थेट उत्तर येईल, तेव्हा सुरुवातीला मनाला लागेल. मलाही लागत असे. परंतु तो नकार तुमच्या मुद्द्याला असतो, तुम्हाला नव्हे. असे म्हणणारा सहकारी बैठक संपताच तुमच्यासाठी कॉफी घेऊन येतो आणि मुलांची चौकशी करतो. अशा वेळी बैठकीतला विषय पुन्हा काढून स्पष्टीकरण देत बसू नका. कॉफी घ्या आणि त्याच्याही मुलांची चौकशी करा.