लंडनहून पॅरिसमार्गे झुरिक: गाडी बदलताना

हा प्रवास एका दिवसात होतो, फक्त पॅरिसमध्ये स्टेशन बदलावं लागतं हे तिकीट काढण्याआधीच लक्षात घ्या. युरोस्टार गार द्यु नोरला पोचते आणि झुरिकची टीजीव्ही लिरिया गार द लिआँहून सुटते. आरईआर (पॅरिसची लोकल गाडी) 'डी' लाइन पकडलीत तर मध्ये शातले हे एकच स्टेशन लागतं. सामान फारच असेल तरच टॅक्सी करा, पॅरिसच्या रहदारीचा भरवसा नाही. दोन गाड्यांमध्ये किमान दीड तास ठेवा. बॅगा घेऊन खालच्या फलाटावर उतरण्यातच बराच वेळ जातो, आणि टीजीव्हीचे दरवाजे सुटायच्या 2 मिनिटं आधी बंद होतात.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या 1 तास पुढे आहे, तेव्हा हिशेब नीट करा.

शक्य असेल तर सबंध प्रवासाचं एकच तिकीट काढा. दोन सुटी तिकिटं घेतलीत आणि पहिली गाडी उशिरा आली, तर दुसऱ्या गाडीचे पैसे बुडू शकतात. युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा पास) असला तरी या दोन्ही गाड्यांना आरक्षण लागतंच, आणि पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा नीट वाचा. शेंगेनमधला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला) प्रवेश लंडनला सेंट पँक्रस स्टेशनवरच नोंदला जातो. मधेच लंडनला जाऊन परत युरोपात यायचं असेल, तर सिंगल एन्ट्री व्हिसा चालत नाही.