वॉर्ड ऑफिसात खेटे घालायचे नसतील तर या चुका टाळा

वॉर्ड ऑफिसच्या नावानं बोटं मोडत माणूस आमच्या घरी येतो, तेव्हा मी आधी चहा ठेवते आणि मग त्याच्याकडचे कागद मागते. कागद पाहिले की बहुतेक वेळा चूक खिडकीच्या अलीकडे झालेली सापडते. पलीकडची मंडळी काही संत नाहीत, जेवणाची सुट्टी तिथे अंमळ लांबतेच. पण चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या नावानं, अर्धवट भरलेला अर्ज घेऊन गेल्यावर संत तरी काय करणार? निवृत्त झाल्यापासून पुण्यात आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतले अर्ज मी हौसेनं भरून देते. तेच ते घोळ पाहून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितेय.

बाळाचा दाखला: गावही चुकतं आणि नावही

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आई-बाप राहतात कुठे, आधारवर पत्ता कुठला, याचा तिथे संबंध नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, तरी हे अजून लोकांच्या गळी उतरत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी नांदते पुण्यात, बाळ जन्मतं साताऱ्याला किंवा लातूरला, आणि बाप रजा काढून पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसात, रांगेत उभा. इथे त्या बाळाची नोंदच नाही, तर दाखला कुठून देणार? दवाखाना शहराच्या हद्दीबाहेर असेल तर नोंद ग्रामपंचायतीत असते, हेही आधी विचारून घ्या. हायवेवरच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या बाबतीत हा घोळ नेहमीचा.

दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून भागतं, एका वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातं. म्हणून 'दवाखान्यानं पाठवलं असेल' म्हणून स्वस्थ बसू नका. डिस्चार्ज घेतानाच विचारा, माहिती कुठल्या कार्यालयाला पाठवली आणि कधी.

पण गावापेक्षा मोठा घोळ नावाचा. आमच्याच मजल्यावरची गोष्ट सांगते. शेजाऱ्यांची सून बाळंतपणाला मिरजेला, माहेरी गेली होती. कळा सुरू झाल्या मध्यरात्री, जावईबापू पुण्यात, त्यामुळे दवाखान्यातला फॉर्म भरला मामानं. मामा बिचारा भला माणूस. बहिणीची फाइल माहेरच्या नावानं होती म्हणून त्यानं आईच्या रकान्यात माहेरचं नाव लिहिलं. वडिलांच्या रकान्यात जावयाचं नाव मानानं लिहिलं, म्हणजे पुढे 'राव' लावून. बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आणि दाखला आला तो असा: बाळ निनावी, आई वेगळ्याच आडनावाची, आणि बाप कोणी '—राव', ज्याचं आधार कार्ड महाराष्ट्रात कुठेही नाही.

दोन वर्षं तो कागद कपाटात पडून होता. बाळाचा पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा सगळे जागे झाले. मग धाकट्या दिरानं एक 'करून देणारा' शोधला. त्याची युक्ती ऐकून माझ्या हातातला चष्मा खाली पडायचा राहिला: बाळ पुण्यात घरीच जन्मलं असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि इथून नवा कोरा दाखला काढायचा. म्हणजे एका मुलाच्या दोन शहरांत दोन नोंदी, त्यातली एक धडधडीत खोटी. खोटी माहिती देणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे घेऊन तो गृहस्थ मोकळा होतो, सही मात्र तुमची असते. मी स्पष्ट सांगितलं, हे करणार असाल तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका.

सरळ रस्ता लांबचा होता, पण होता. दुरुस्ती त्याच निबंधकाकडे मागावी लागते ज्याच्या रजिस्टरला मूळ नोंद आहे. अर्ज, दवाखान्याचं पत्र, दोघांची आधार कार्डं, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र. इथे गाडी अडली, कारण लग्नाची नोंदच केलेली नव्हती. लग्नाला हजारभर माणूस जेवलं होतं, अल्बम होता, व्हिडिओ होता, फक्त प्रमाणपत्र नव्हतं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं विवाह नोंदणी सक्तीची आहे, ९० दिवसांत करायची असते, नंतर केली तर दंड भरून होते. मग आधी ती नोंदणी, त्यासाठी पत्रिका शोधा, साक्षीदार गोळा करा, भटजींची सही आणा. भटजी तोवर मुलाकडे नागपूरला गेलेले. सगळं झाल्यावर मिरजेला दुरुस्ती झाली. ती कशी होते तेही ठाऊक असावं: मूळ नोंद खोडत नाहीत, शेजारी समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही करतात.

बाळाचं नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घाई करून लाडाचं नाव लिहू नका. एकदा चढलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं, आणि 'चिकू'ला पुढे दहावीचा फॉर्म भरायचाय.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झालाय. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. आपल्या पिढीनं शाळेच्या दाखल्यावर निभावून नेलं, या मुलांचं तसं होणार नाही.

माझी सवय म्हणाल तर मी प्रत्येक गरोदर मुलीला एक कार्ड करून देते. आई-वडिलांची पूर्ण नावं, आधारवर आहेत तशीच, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं, खाली कायमचा पत्ता. ते दवाखान्याच्या पिशवीत, दुपट्यांच्या वर ठेवायचं. फॉर्म कोणीही भरो, कार्डावरून भरायचा आणि द्यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा.

मृत्यूच्या दाखल्यातही हेच. घरात सगळे 'आबा' म्हणतात म्हणून फॉर्मवर आबासाहेब लागतं, बँकेत मात्र ते दत्तात्रय असतात. रडारडीत कुणाला भान नसतं, म्हणून जरा लांबचा आणि शुद्धीवर असलेला नातेवाईक हे काम करायला पाठवावा, आधार कार्ड त्याच्या खिशात देऊन. आणि प्रती मागताना एक मागू नका. बँक, विमा, पेन्शन, लाइटबिल, सोसायटी, सगळीकडे एकेक लागते.

इंडेक्स टू हातात आला, म्हणजे पालिकेत नाव लागलं?

नाही लागलं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवणं (त्या नोंदीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू) वेगळं आणि पालिकेच्या करआकारणी खात्यात नाव लावणं वेगळं. हस्तांतराची सूचना तीन महिन्यांच्या आत पालिकेला द्यायची असते. ती दिली नाही तर बिल जुन्या मालकाच्या नावानं येत राहतं, त्याला ते मिळत नाही आणि तुम्ही ते बघत नाही. वर थकबाकीला महिना दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड. ही थकबाकी मिळकतीला चिकटून येते, 'ती आमच्या आधीची आहे' म्हणून सुटका होत नाही. फ्लॅट घेताना टाइल्स ठोकून बघता, तसं कराची शेवटची पावती मागून मिळकत क्रमांक संकेतस्थळावर टाकूनही बघा.

पुण्यातल्या लोकांसाठी आणखी एक. स्वतः राहत असाल तर करात ४० टक्क्यांची सवलत आहे. मधे ती काढली होती, २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. पण ती आपोआप मिळेल असं समजू नका, बिल नीट वाचा आणि सवलत लागलेली नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. नव्या फ्लॅटवाल्यांच्या बिलांत ती नसलेली मी कितीदा पाहते आणि भरणाऱ्याला पत्ताच नसतो, कारण तो ऑनलाइन भरतो आणि आकड्याच्या वरचं काही वाचत नाही.

करपावती हा मालकीचा पुरावा नव्हे. गावाकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नाव आहे म्हणून घर आपलं झालं, असं समजणाऱ्यांनाही हेच लागू. आणि नमुना ८ ग्रामपंचायतीत, जमिनीचे सात-बारा आणि ८-अ हे उतारे तलाठ्याकडे. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, कागद तेच.

तक्रार नव्हे, कीर्तन

ही माझी दुसरी दुखरी नस. लोक तक्रार लिहीत नाहीत, भडास काढतात. परवा एका गृहस्थानं मोठ्या अभिमानानं दाखवलेला मजकूर असा: 'आमच्या भागात कचरा, पाणी, रस्ते, भटकी कुत्री, दिवे सगळ्याची बोंब आहे. आम्ही कर कशासाठी भरतो? प्रशासन झोपलंय का?' खाली तीन उद्गारचिन्हं. अहो, ही पाच खात्यांची तक्रार आहे. घनकचरावाला म्हणणार पाण्याचं माझ्याकडे नाही, पाणीपुरवठ्यावाला म्हणणार दिव्याचं नाही, आणि शेवटी कोणीतरी 'संबंधित विभागाकडे वर्ग' असं लिहून फाइल मिटवणार.

आम्ही ती पुन्हा लिहिली. त्यातली दिव्याची अशी झाली: 'अमुक सोसायटीच्या गेटसमोर, रस्त्याच्या डाव्या बाजूला, खांब क्रमांक अमुक. दिवा सोमवारपासून रात्री लागत नाही. शेजारचे दोन्ही खांब चालू आहेत.' बस. खांबाचा क्रमांक खांबावरच रंगवलेला असतो, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, वर्षानुवर्षं त्याच्याखालून जाऊन कोणी वाचत नाही. 'शेजारचे चालू आहेत' हे वाक्यही उगाच नाही. एकच दिवा बंद असेल तर दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत बिघाड, अख्खी रांग बंद असेल तर केबल किंवा टायमर, आणि त्याप्रमाणे माणूस काय सामान घेऊन येणार ते ठरतं.

तक्रार करण्याआधी ती कोणाची आहे हे बघा. रस्त्यावरचा दिवा पालिकेचा, घरातली वीज गेली तर महावितरणची, मुंबईत असाल तर बेस्ट, अदानी किंवा टाटाची. सोसायटीच्या आवारातलं ड्रेनेज सोसायटीनं बघायचं, बाहेरच्या चेंबरपासून पुढे पालिकेनं. पाणी कमी येतंय म्हणून ओरडण्याआधी आपल्या टाकीचा बॉलकॉक अडकलेला नाही ना, हे वर चढून बघा. फांदी खिडकीत येते म्हणून स्वतः कुऱ्हाड उचलू नका, त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड पडलं असेल तर अर्ज नको, सरळ १०१ ला फोन.

आणि तक्रारीचा टोकन नंबर! मुंबईत १९१६ ला फोन करा, पुण्यात अॅपवर टाका, कुठेही करा, पण नंबर लिहून ठेवा. नगरसेवकाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून अंगठा मिळाला म्हणजे तक्रार नोंदली गेली असं नसतं. २०२२ नंतर बहुतेक महापालिकांत प्रशासक बसले, नगरसेवकच उरले नाहीत, तेव्हा या मंडळींना तक्रार करायची कशी हेच माहीत नव्हतं. काम न होता 'निराकरण झाले' असा मेसेज आला तर त्याच दिवशी ताजा फोटो टाकून तीच तक्रार पुन्हा उघडा. नवी टाकली की दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात.

किरकोळ, पण रोजच्या

सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी लोक गेटबाहेरच्या टेबलावर पाचशेचा स्टॅम्प पेपर घेतात. पुष्कळ ठिकाणी तर २०१५ पासून साधं स्वघोषणापत्र चालतं. आधी आत जाऊन विचारा, मग बाहेर पैसे काढा.

माहितीच्या अधिकारात 'का केलं नाही' असं विचारू नका, कागदाची प्रत मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प सोबतच न्या.

झेरॉक्सवर स्वतःची सही करायला विसरू नका. हे सांगूनही विसरतात.

आता मुदतीबद्दल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे त्यात ठरलेलं आहे, कार्यालयात त्याचा फलक लावलेला असतो, आणि हयगय झाली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण तिसऱ्या दिवशी जाऊन टेबलावर हात आपटणाऱ्याला या कायद्याचा काही उपयोग नाही. दिवस मोजायला लागतात ते पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. पोच घ्या, तीवर तारीख, शिक्का आणि सेवा कधी मिळणार ते आहे का बघा. 'पोच कशाला, उद्या या' म्हणाले तर शांतपणे तिथेच उभं राहा. माझा अनुभव असा की शांतपणे उभ्या राहिलेल्या बाईची त्यांना ओरडणाऱ्या माणसापेक्षा जास्त अडचण होते.

मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं. त्यासाठी वकील लागत नाही, करून देणारा तर मुळीच नाही. अर्जाचा क्रमांक, दाखल केल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख, एवढं एका पानात लिहा. पोचेची झेरॉक्स जोडा आणि मूळ पोच घरीच ठेवा.