बीट पाठवण्याआधी कागद करा

हिप-हॉप निर्माता होऊन पुढेमागे स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी, काढायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांना ८०८ (ड्रम मशीनचा घुमणारा बास) कसा ट्यून करावा हे सांगण्याची गरज नाही. मला बोलायचे आहे ते हक्कांविषयी, कारण माझी सुरुवातीची उमेद तिथेच खर्ची पडली.

माझ्या बीटवरचे (रॅपखाली वाजणाऱ्या संगीतावरचे) गाणे एका रॅपरने स्वतःच्या डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, खात्यावरून प्रकाशित केले आणि ते चांगले चालले. ‘हिशेब नंतर बघू’ एवढेच तोंडी ठरले होते. प्रत्यक्षात अपलोडच्या अर्जात संगीतकाराच्या रकान्यात त्याचेच नाव होते आणि माझ्या हाती व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एमपीथ्रीखेरीज काही नव्हते. ते पैसे मला अजूनही मिळालेले नाहीत. म्हणून हे नीट समजून घ्या: शब्द-संगीताचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता तो मानला जातो, ज्याने ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली. नुसती बीट पाठवणाऱ्याला मास्टरवर, म्हणजे त्या मूळ ध्वनिमुद्रणावर, हक्क सांगणे त्यामुळे कठीण जाते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. घाबरून जाऊ नका, कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराला बळ दिले आहे: हक्क विकत घेणाऱ्याबरोबर समसमान रॉयल्टी घेण्याचा अधिकार सोडल्याचे संगीतकाराकडून लिहून घेता येत नाही. मात्र संगीतकार म्हणून तुमची नोंद हवी. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्यातला वाटा तिथे नोंदवा.

भाड्याच्या ‘टाइप बीट’वर (एखाद्या नावाजलेल्या कलाकाराच्या ढंगात बनवून ऑनलाइन विकलेल्या तयार बीटवर) लेबल उभे करू नका, तीच बीट आणखी कितीजणांकडे असेल, हे तुमच्या हातात नसते. कोर्स विकणाऱ्या गुरूंवरही माझा विश्वास नाही. एखाद्या चांगल्या रेकॉर्डिस्टच्या मागे गप्प बसून त्याहून जास्त शिकता येते. अमेरिकन निर्माते रिक रुबिन यांनी १९८४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातून डेफ जॅम हे हिप-हॉप लेबल सुरू केले, ही गोष्ट हे गुरू हमखास सांगतात. पुढच्याच वर्षी सीबीएस या बड्या संगीत कंपनीशी वितरणाचा करार झाला म्हणून त्या लेबलची गाणी अमेरिकाभर पोहोचली, हे मात्र गाळतात.

आता माझ्या लेबलवर रॅपर, गीतकार आणि बीटकार यांचे टक्के एका पानावर लिहून सह्या झाल्याशिवाय स्टेम्स (बीटमधल्या प्रत्येक वाद्याच्या सुट्या फाइली) कुणालाही जात नाहीत. तोवर ऐकायला टॅग (मध्येमध्ये वाजणारी आमच्या नावाची खूण) लावलेली फाइलच मिळते. पहिल्यांदा कागद मागताना जीभ अडखळते, पण मागाच. काम मनापासून करणारा रॅपर त्यावर रागावत नाही.