हातापायांच्या मुंग्या: किती वेळ थांबावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

बराच वेळ मांडी घालून बसल्यावर किंवा हात डोक्याखाली घेऊन झोपल्यावर येणाऱ्या मुंग्या दाब निघाल्यानंतर काही मिनिटांतच जातात. दाबामुळे मज्जातंतूचे काम आणि त्याचा रक्तपुरवठा काही काळ अडतो, त्यामुळे तो भाग आधी बधिर होतो आणि तंतू पुन्हा कामाला लागताना झिणझिण्या जाणवतात. अशा वेळी पाय सरळ करावा, घोटा वरखाली हलवावा आणि संवेदना पूर्ण परत येईपर्यंत उठून चालू नये. बधिर पाय मुरगळून पडण्याचा धोका वयस्कर माणसांना विशेष असतो. अर्ध्या तासानंतरही बधिरपणा तसाच असेल किंवा पाऊल वर उचलता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. खुरपणीसारख्या कामात तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांची गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून पाऊल लुळे पडू शकते, आणि हे आपोआप बरे होईल या आशेवर आठवडे घालवणे योग्य नाही.

दात काढण्यापूर्वी दिलेल्या इंजेक्शनची बधिरता साधारणपणे 2 ते 4 तास राहते. तेवढा वेळ गरम चहा आणि चावून खायचे पदार्थ टाळावेत. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल तर दंतवैद्यांना कळवावे. घाबरल्यामुळे भराभर श्वास घेतला गेला, तर तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात व श्वास संथ झाल्यावर त्या ओसरतात. मात्र सोबत छातीत दुखत असेल किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर ती निव्वळ भीती आहे असे घरच्या घरी ठरवू नये.

इथपर्यंत घड्याळ हा चांगला मार्गदर्शक आहे. पुढच्या प्रकारात तो फसवतो, आणि म्हणूनच मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेहरा, हात किंवा पाय यांपैकी काही शरीराच्या एकाच बाजूला अचानक बधिर झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हातातली वस्तू निसटली किंवा एकदम दिसेनासे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. ही लक्षणे दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी रुग्णालयात जायलाच हवे, कारण मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पूर्ववत झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका अधिक असतो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ लिहून ठेवावी, तोंडाने काहीही देऊ नये, आणि स्कॅन होण्यापूर्वी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून तर मुळीच देऊ नये, कारण रक्तस्रावामुळे आलेल्या झटक्यात ती घातक ठरू शकते. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अर्धशिशीतही मुंग्या येतात, पण त्या बोटांपासून चेहऱ्याकडे काही मिनिटांत हळूहळू सरकतात आणि बहुधा 5 ते 60 मिनिटांत जातात. तरीही पहिल्याच वेळी हा फरक डॉक्टरांनीच करावा.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते अशा आजाराचे) रुग्ण आढळले, तेव्हापासून त्याचे नाव घरोघरी माहीत झाले आहे. यात बहुतेकदा जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दोन्ही पायांत मुंग्या सुरू होतात, काही दिवसांत अशक्तपणा वर चढत जातो आणि जिना चढणे, खुर्चीवरून उठणे कठीण होते. अशा रुग्णाला त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे, कारण श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. कंबरदुखीबरोबर बैठकीची जागा बधिर होणे किंवा लघवी अडणे हेही तितकेच तातडीचे आहे. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखी आग व मुंग्या होऊन तिथे पुरळ उठले, तर ती नागीण असू शकते; तिचे औषध पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते.

आता रेंगाळणाऱ्या मुंग्या. दोन आठवडे झाले तरी त्या येत असतील किंवा त्यामुळे झोप मोडत असेल, तर तपासणीची वेळ घ्यावी. जाण्यापूर्वी नेमकी कोणती बोटे, दिवसाची कोणती वेळ आणि कोणती औषधे चालू आहेत हे लिहून न्यावे, कारण त्यावरूनच अर्धे निदान होते. अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस दबलेली असण्याची शक्यता मोठी; गरोदरपणात आणि थायरॉइड कमी असताना हे वारंवार दिसते. करंगळीकडच्या मुंग्यांचे मूळ बहुधा कोपरात असते. दोन्ही तळव्यांना मोज्यांच्या आकारात मुंग्या येत असतील तर मधुमेह आणि बी-12 ची कमतरता आधी तपासतात. शाकाहारी माणसे आणि बराच काळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणारे रुग्ण यांत ही कमतरता बऱ्याचदा आढळते. क्षयरोगाच्या काही औषधांनीही असे होते, मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत; डॉक्टर सोबत बी-6 देतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते, आणि ते लवकर सुरू झाल्यास हातापायांची विकृती टाळता येते.

रक्त तपासण्याआधीच बी-12 चे इंजेक्शन घेण्याची सवय सोडावी, कारण मग अहवालात खरी पातळी कळत नाही. आणि बी-6 च्या जास्त मात्रेने तर मज्जातंतूंनाच इजा होते. योग्य उपचार सुरू झाल्यावरही मुंग्या कमी व्हायला आठवडे ते महिने लागतात, कारण तुटलेला तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर एवढाच वाढतो. तोवर, विशेषतः मधुमेह असल्यास, रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत, अंघोळीचे पाणी कोपराने अजमावावे, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, आणि फोड किंवा जखम दिसल्यास ती दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.